कागदावरची औतअवजारे

युरोपीय चित्रकलेला शेतीचा विषय एकोणिसाव्या शतकात नवा नव्हता. मध्ययुगातल्या प्रार्थनापोथ्यांत बारा महिन्यांची बारा कामे रंगवलेली असत आणि सोळाव्या शतकात पीटर ब्रूगेलने गवतकापणी व गव्हाची सुगी मोठमोठ्या फलकांवर आणली होती. नवे होते ते अवजारांकडे पाहणे. नांगराचे रुमणे कुठे धरतात, चाकात आरे कसे बसवतात, ओझे उचलताना पाठ नेमकी कुठे वाकते, असल्या गोष्टी चित्रकार या शतकात बांधावर उभे राहून वहीत टिपू लागले. प्रदर्शनांत गेली ती रंगवलेली मोठी चित्रे, आणि नावही त्यांचेच झाले. शेताची पक्की माहिती मात्र पेन्सिल, खडू, कोळसा आणि शाईच्या रेखाटनांत साठत गेली. तैलचित्रात अवघड भाग सावलीत ढकलून निभावता येते. रेखाटनात ती सोय फार थोडी. जोडणी कळली नसेल तर नांगर कागदावरही चालत नाही.

साधनांनीही या कामाला हात दिला. उत्तम पेन्सिलीसाठी लागणारे ग्राफाइट इंग्लंडमधल्या बॉरोडेलच्या खाणीतून येई. इंग्लंडशी युद्ध सुरू झाल्यावर फ्रान्सचा हा पुरवठा तुटला, तेव्हा निकोला-जाक काँते याने ग्राफाइटची पूड चिकणमातीत मळून, भट्टीत भाजून कांडी तयार केली आणि १७९५ मध्ये तिचे पेटंट घेतले. मातीचे प्रमाण कमीजास्त केले की कांडी मऊ किंवा कडक होई. काँतेच्याच नावाचा काळा खडू पुढे शेतकऱ्यांची चित्रे काढणाऱ्या अनेकांच्या हातात दिसतो. पेन्सिल आणि खिशात मावणारी वही एवढ्या सामानावर चित्रकार खोलीबाहेर पडू शकत होता.

शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये निसर्गचित्रे काढणे हा सुखवस्तू घरांतला छंद होऊन बसला होता. या हौशी मंडळींना झाडे, डोंगर, नदी कशीबशी जमत. माणसे आणि गाड्या जमत नसत. ही अडचण ओळखून विल्यम हेन्री पाइन याने शतकाच्या पहिल्या दशकात 'मायक्रोकॉझम' हा नमुनासंग्रह काढला. त्याच्या पानोपानी छोट्या आकृतींचे गट आहेत, सगळे मिळून हजाराहून जास्त: नांगरणारे, गवत वाळवणारे, मळणी करणारे, गाडीत माल भरणारे. हवा तो गट उचलून आपल्या निसर्गचित्रात बसवावा, हा हेतू पुस्तकाच्या लांबलचक शीर्षकातच सांगून टाकला होता. पाइनची नजर चांगली होती. त्याच्या गाड्यांचे सांधे आणि घोड्यांचा साज विश्वास ठेवण्याजोगा आहे. पण नमुना तो नमुनाच: नांगर आहे, नांगऱ्या आहे, शेत मात्र नाही.

त्या काळच्या रसिकतेला कामात गढलेला माणूस फारसा रुचतही नव्हता. निसर्गसौंदर्याच्या सहलींवर पुस्तके लिहिणारे विल्यम गिल्पिन हे पाद्री. नीतीच्या दृष्टीने कष्टाळू कामकरी श्रेष्ठ, पण चित्रात शोभतो तो रेंगाळणारा खेडूत, असे त्यांचे मत होते. म्हणजे कुदळ हवी, पण खांद्यावर टाकलेली.

हा शिरस्ता मोडणाऱ्यांत जॉन कॉन्स्टेबलचे नाव आधी घ्यावे लागते. १७७६ मध्ये सफोक परगण्यातल्या ईस्ट बर्गहोल्ट गावी तो जन्मला. वडिलांच्या पाणचक्क्या होत्या आणि धान्याचा व्यापार होता. नदीवरचे बंधारे, धान्य वाहणारे पडाव, शेतातली औते हे सगळे त्याच्या घरच्या धंद्यातलेच सामान. १८१३ आणि १८१४ सालच्या त्याच्या दोन वह्या लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. जेमतेम तळहाताएवढ्या पानांवर नांगरट, गाड्या, होड्या आणि गावाभोवतीचे शिवार पेन्सिलीने उतरवलेले दिसते. नोव्हेंबर १८१४ मधल्या त्याच्या एका लहान तैल-अभ्यासाचा विषय केवळ नांगर हा आहे. विकायला किंवा भिंतीवर लावायला अशी चित्रे कोणी काढत नाही. ती स्वतःला कळावे म्हणून काढलेली असतात.

त्याच वर्षाचे त्याचे एक चित्र आज बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयात आहे. स्टूर नदीचे खोरे, दूरवर डेडम गाव, आणि अगदी पुढे शेणखताचा मोठा ढीग उपसणारे मजूर. हे चित्र एका नवरदेवाने आपल्या वधूला भेट देण्यासाठी काढून घेतले होते. लग्नाच्या अहेरात उकिरडा हा प्रकार विचित्र वाटेल, पण वधूच्या माहेरचे शिवार ते हेच, आणि गव्हाच्या पेरणीआधी तिथे जे काम चाले तेही हेच. कॉन्स्टेबलने त्या ढिगाचाही आधी वेगळा अभ्यास केला होता. सुंदर देखाव्यात खताला जागा नसते, हे त्याच्या मनाला शिवले नसावे. शेतकऱ्याच्या दृष्टीने तर चित्रातली सर्वांत मोलाची वस्तू तीच होती.

'द हे वेन' या त्याच्या गाजलेल्या चित्राची एक हकिकत सांगण्याजोगी आहे. नदीच्या पात्रात उभी असलेली रिकामी गवतगाडी हा या चित्राचा मध्य. कॉन्स्टेबल तेव्हा लंडनमध्ये राहत होता आणि चित्र तिथेच रंगवत होता. गाडीचा सांगाडा आठवणीवर सोडून देणे त्याला पटेना. १८२१ च्या फेब्रुवारीत गावाकडून त्याचा भाऊ अब्राम याने कळवले, की गावातल्या जॉन डनथॉर्न या तरुणाने सुगीच्या गाडीच्या बाह्यरेषा काढून दिल्या आहेत आणि कडाक्याच्या थंडीत हे काम त्याला चांगलेच जड गेले. तीन वर्षांनी याच चित्राला पॅरिसच्या सलोन प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले.

याच काळात सॅम्युअल पामर नावाचा एक तरुण शेताकडे अगदी वेगळ्या डोळ्यांनी पाहत होता. तपकिरी शाईत काढलेली त्याची १८२५ सालची सहा चित्रे ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहेत. फुगीर टेकड्या, दाट उभे पीक, नांगराला जुंपायचा बैल: सगळे बायबलच्या आणि व्हर्जिलच्या शेतीकाव्याच्या प्रकाशात न्हालेले. पामर पुढे केंट परगण्यातल्या शोरम खेड्यात राहायला गेला. १८३० मध्ये याच केंटमध्ये शेतमजुरांचा उठाव पेटला आणि त्यांनी मळणीयंत्रे फोडायला सुरुवात केली. थंडीच्या दिवसांत मजुराला घरात चूल पेटती ठेवायला मळणीचे काम हाच आधार असे. अँड्र्यू मेकल या स्कॉटिश कारागिराने १७८६ च्या सुमारास बनवलेले यंत्र दक्षिण इंग्लंडमध्ये पसरले तसा तो आधार गेला. पामरच्या चित्रांत यातले काहीच नाही. तिथे पेंढ्या आहेत, मेंढपाळ आहे, चंद्र आहे. चित्रे अप्रतिम आहेत, पण त्यांच्यावरून केंटची शेती समजून घ्यायला जाणारा फसेल.

यंत्रे कागदावर येत नव्हती असे नाही. ती दुसऱ्या कागदांवर येत होती. इप्स्विचच्या रॉबर्ट रॅन्समने १८०३ मध्ये आपोआप धार राहणाऱ्या ओतीव लोखंडी फाळाचे पेटंट घेतले. ईस्ट बर्गहोल्टपासून इप्स्विच काही मैलांवरच आहे. अमेरिकेत सायरस मॅककॉर्मिकने १८३१ मध्ये कापणीयंत्र चालवून दाखवले आणि १८५१ च्या लंडनमधल्या महाप्रदर्शनात ते युरोपासमोर आले. अशा मालासोबत त्याची चित्रे आली. हेन्री स्टीफन्सच्या 'द बुक ऑफ द फार्म' या १८४० च्या दशकातल्या जाडजूड ग्रंथात औतांच्या आणि यंत्रांच्या काटेकोर आकृती आहेत. कारखान्यांच्या जाहिरातींत आणि शेतकी नियतकालिकांत बाजूने, वरून, समोरून पाहिलेली औते छापली जाऊ लागली. या आकृतींत प्रत्येक खिळा जागच्या जागी असतो, सावली बेताची असते आणि नांगर धरायला कोणी नसते. लोहाराने पाहून तसा नांगर घडवावा किंवा जमीनदाराने पाहून मागवावा, एवढाच त्यांचा उद्देश. शतकाच्या मध्यापर्यंत अवजारांच्या चित्रणाच्या दोन वाटा अशा फुटल्या होत्या. एका वाटेवर अवजार कसे बनते ते दिसे, दुसरीवर ते माणसाकडून काय करवून घेते ते. या दुसऱ्या वाटेवरचा मोठा माणूस फ्रान्समध्ये होता.

ज्याँ-फ्रांस्वा मिले १८१४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरच्या ग्रुशी या वस्तीत शेतकऱ्याच्या घरी जन्मला. थोरला मुलगा असल्यामुळे तरुणपणापर्यंत घरच्या शेतात राबला. चित्रकला शिकायला आधी शेरबूर, मग पॅरिस गाठले आणि १८४९ मध्ये फोंतेनब्लोच्या जंगलालगतच्या बार्बिझों खेड्यात तो कुटुंबासह येऊन राहिला, तो १८७५ मध्ये मरेपर्यंत तिथेच. माणसाला समोर उभे करून चित्र काढण्यापेक्षा पाहिलेले मनात मुरवून मग काढणे त्याला मानवत असे. हे त्याला परवडत होते, कारण ज्या हालचाली तो काढत होता त्या त्याच्या स्वतःच्या अंगात भिनलेल्या होत्या.

'शेतातली कामे' ही त्याची दहा चित्रांची मालिका १८५३ मध्ये 'लिल्युस्त्रासियों' या पॅरिसच्या सचित्र साप्ताहिकात छापली गेली. मिलेच्या रेखाटनांवरून आद्रियां लाव्हिएय याने ती लाकडी ठोकळ्यांवर कोरली होती. गवत कापणारा, विळ्याने पीक कापणारा, पेंढी बांधणारी, मळणी करणारा, जवसाच्या काड्या कुटून धागा मोकळा करणारी, मेंढ्यांची लोकर कातरणारी, सूत कातणारी, लाकूड तोडणारे, अशी ही कामे. पार्श्वभूमी जवळजवळ नाहीच. चेहरे खाली वळलेले किंवा टोपीच्या सावलीत. पाहणाऱ्याचे लक्ष मग आपोआप हात, पाठ आणि अवजार यांच्यावर जाते.

त्यातल्या मळणीवाल्याचे अवजार म्हणजे चामड्याच्या वादीने जोडलेले दोन दांडके. लांब दांडका हातात धरायचा आणि टोकाचा आखूड दांडका फिरवून पसरलेल्या पिकावर आपटायचा. मिलेने यातला नेमका क्षण निवडला आहे: दांडका वर गेला आहे आणि अजून खाली यायचा आहे. पाय रुंद, भार मागच्या बाजूला, दोन्ही हात डोक्यावर. खळ्यावर दिवसभर हीच हालचाल हजारो वेळा करायची असते हे चित्र पाहताना ध्यानात येते. पेंढी बांधणाऱ्या बाईची तऱ्हा उलटी. ती कमरेतून पूर्ण वाकली आहे आणि अंगाचे सगळे वजन बांधणीवर दाबते आहे. सहज म्हणून अशी कोणी उभी राहत नाही. कामच तशी उभी करते. मिलेला शेतकऱ्यांचा चित्रकार म्हणतात ते बरोबरच आहे, पण कामाने शरीराला दिलेल्या आकारांचा चित्रकार म्हटले तर ते जास्त नेमके होईल.

'पेरणारा' (१८५०) आणि 'सरवा वेचणाऱ्या बाया' (१८५७) ही त्याची चित्रे आज कॅलेंडरांवरही दिसतात. त्यांच्यामागे अनेक रेखाटने आहेत आणि काळ्या काँते खडूतली ती रेखाटने पुष्कळदा तैलचित्रांहून सरस उतरली आहेत. पेरणारा पोटाशी बियाणाची झोळी धरून उतारावरून लांब ढांगा टाकत बी फोकत जातो. पाभरीने ओळीत पेरणाऱ्या मुलखात ही रीत उधळपट्टीची वाटेल. बी सारखे पडण्यासाठी पावलाचा आणि मुठीचा मेळ साधावा लागतो, आणि रेखाटनांमध्ये मिले त्या मेळाचाच शोध घेताना दिसतो. 'कुदळवाला' हे चित्र १८६३ च्या सलोनमध्ये लागले तेव्हा मात्र टीकाकार खवळले. दगडाळ रानात कुदळीच्या दांड्यावर रेलून धापा टाकणारा तो माणूस त्यांना पशूसारखा वाटला. काहींना त्यात समाजवादाचा वास आला. मिलेने हा आरोप मानला नाही. एक गोष्ट खरी, की गिल्पिनला हवा असलेला काम थांबवलेला खेडूत इथे होता, पण विश्रांतीमुळे चित्र शोभिवंत होण्याऐवजी भयंकर झाले होते.

१८६२ च्या सुमारास मिलेने याहूनही धाडसी गोष्ट केली. बार्बिझोंजवळच्या शाय्यीच्या मैदानाचे हिवाळी चित्र काढताना त्याने माणूसच वगळला. उजाड रान, कावळ्यांचा थवा, मातीत तसाच सोडून दिलेला नांगर आणि लाकडी चौकटीला दाते बसवलेले, ढेकळे फोडण्याचे औत. तैलचित्र व्हिएन्नाला आहे. याच देखाव्याचे एक पेस्टलही त्याने केले. एमिल गावे या संग्राहकाने १८६५ पासून मिलेकडून अशी पेस्टले आणि रेखाटने सातत्याने घेतली होती. मिलेच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी, जून १८७५ मध्ये, त्यांपैकी ९५ कामे पॅरिसमध्ये लिलावाला निघाली. ती पाहायला आलेल्यांत चित्रविक्रीच्या दुकानात नोकरी करणारा बावीस वर्षांचा एक डच तरुण होता. इथे जोडे काढून यावे, इतके पवित्र त्याला ते दालन वाटले. हा तरुण विन्सेंट व्हॅन गॉग.

छापील प्रतींबद्दल एक सावधगिरी इथेच नोंदवायला हवी. लाकडी ठोकळ्यावर चित्र सुलट काढून कोरले की कागदावर ते उलटे उमटते. कोरणाऱ्याने आधी ते फिरवून घेतले नसेल तर उजव्या हाताने पेरणारा छापात डावखुरा होतो आणि नांगराची माती भलत्याच बाजूला पडते. अवजारांचा इतिहास लिहिणारे अभ्यासक म्हणून छापील चित्राबरोबर मूळ रेखाटन शोधतात.

व्हॅन गॉगने चित्रकार व्हायचे ठरवले ते १८८० मध्ये, बेल्जियमच्या खाणपट्ट्यात. सुरुवात त्याने मिलेपासूनच केली. भाऊ थिओकडून 'शेतातली कामे' मागवून घेतली आणि दहाही चित्रांची नक्कल केली. पुढच्या वर्षी तो आईवडिलांकडे, हॉलंडच्या ब्राबांट प्रांतातल्या एटन गावी आला आणि खरे शेतकरी समोर उभे करू लागला. कुदळणारा माणूस त्याने पुन्हा पुन्हा काढला, पेरणारा काढला, केरसुणी घेतलेली मुलगी काढली. गाडी, नांगर, ढेकळे फोडण्याचे औत, ढकलगाडी यांची वेगळी रेखाटने केली; सुताराच्या आणि लाकडी जोडे बनवणाऱ्याच्या कामाच्या जागा काढल्या. शेतकऱ्याच्या आयुष्यातली प्रत्येक वस्तू नीट पाहून काढली पाहिजे, असे तो थिओला कळवतो. ही रेखाटने ताठर आहेत, पेरणारा पुष्कळदा फोटोसाठी उभा केल्यासारखा वाटतो. पुढे हेगमध्ये १८८२ च्या उन्हाळ्यात त्याने सुताराकडून आणि लोहाराकडून एक चौकट करून घेतली. तिच्यात दोऱ्या ताणून तो त्यातून शेताची खोली मोजत असे. सुताराची जाड पेन्सिल, शिळाछापाचा तेलकट खडू असली रांगडी साधने त्याला आवडत, आणि पेन्सिलीची चमक मारण्यासाठी तो चित्रावर दूध ओतायलाही कमी करत नसे.

१८८३ च्या अखेरीस तो ब्राबांटमधल्याच न्यूनन गावी आला. शेतमजुरीबरोबर घरी माग चालवणारी अनेक कुटुंबे तिथे होती. पुढच्या काही महिन्यांत त्याने विणकरांची रेखाटने आणि चित्रे केली. खोल्या इतक्या अरुंद, की मागाचे पूर्ण चित्र दिसेल इतके मागे सरकायला जागा नसे. काळपट ओकच्या एका जुन्या मागावर १७३० हा आकडा कोरलेला होता. मित्र अँटन व्हान राप्पार्ड याला या मागांविषयी लिहिताना त्याने मांडलेला मुद्दा साऱ्या शतकाच्या अवजारचित्रांना लागू पडतो. यंत्रांची आकृती काढणाऱ्या आरेखकाने हाच माग काढला तर तो आपल्यापेक्षा कितीतरी बिनचूक काढील, हे तो मोकळेपणाने कबूल करतो. पण घामट हातांनी मळलेल्या त्या लाकडांच्या पसाऱ्यातून आत बसलेल्या माणसाचा सुस्कारा ऐकू यायला हवा, आणि तो त्या आरेखकाच्या चित्रातून येणार नाही, असे त्याचे म्हणणे. दोन वाटा आहेत हे इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कोणा चित्रकाराने क्वचितच सांगितले असेल.

१८८५ च्या वसंतात 'बटाटे खाणारे' हे त्याचे चित्र पूर्ण झाले. त्याच्या शिळाछापावर व्हान राप्पार्डने कडक टीका केली, शरीररचनेच्या चुका दाखवल्या, आणि मैत्री तुटायला आली. टीका लागली असावी. त्या उन्हाळ्यात व्हॅन गॉगने काळ्या खडूत मोठमोठ्या आकृती काढण्याचा सपाटा लावला: विळ्याने कापणारा, पेंढ्या बांधणारी, बटाटे खणणाऱ्या बाया, सरवा वेचणारी, लाकूडतोड्या. बाह्यरेषेपासून सुरुवात न करता अंगाच्या मधल्या फुगवट्यापासून आकृती उभारायची, ही चित्रकार दलाक्रवाच्या नावाने ऐकलेली युक्ती त्याने इथे वापरली. वाकलेल्या बाईची पाठ आणि घागरा मिळून चित्रात एक टेकाड तयार होते आणि हात त्यातून जमिनीत शिरतात. एटनचा ताठरपणा इथे उरलेला नाही. शाळेत शिकवलेल्या शरीरशास्त्राने ही चित्रे मोजली तर चुका आजही सापडतील. बटाटे खणण्याच्या दृष्टीने एकही सापडणार नाही.

मिले त्याला शेवटपर्यंत सुटला नाही. १८८९ च्या शरदात सें-रेमीच्या इस्पितळात असताना त्याने तीच जुनी 'शेतातली कामे' समोर ठेवली आणि काळ्या-पांढऱ्या छापांवरून रंगीत चित्रे केली. जानेवारी १८९० मध्ये शाय्यीच्या त्या निर्मनुष्य शेतावर त्याने बर्फ पसरला. औत मात्र होते तिथेच ठेवले.

त्याच दशकातल्या इतरांची थोडक्यात दखल पुरे. जॉर्ज स्युराने खरबरीत कागदावर काँते खडू घासून रेषेवाचूनच शेतकरी काढले. नांगर आणि नांगऱ्या त्यात एकाच काळोखाचे भाग होतात. सुंदर आहेत, पण त्यांच्यावरून नांगराची जोडणी कळणार नाही. लेओं लेर्मित याचे कोळशातले काम याच्या अगदी उलट, तपशीलवार. आंद्रे थरिए याच्या ग्रामजीवनावरच्या १८८८ सालच्या ग्रंथाला त्याचीच चित्रे आहेत. कामीय पिसारोने एरान्यी गावी मुलगा ल्युसियां याच्याबरोबर 'शेतातली कामे' याच नावाने छापचित्रांचा उपक्रम हाती घेतला. त्याच्या बाया बाजारात घासाघीस करतात, बसतात, गप्पा मारतात. मिलेच्या गंभीर माणसांनंतर त्या पाहिल्या की हायसे वाटते.

एक गोष्ट मात्र या बहुतेकांना समान आहे. कापणीयंत्र येऊन अर्धे शतक लोटले तरी ते त्यांच्या कागदावर येत नाही. फ्रान्सच्या लहान शेतांत यंत्रे उशिरा पोहोचली हे एक कारण. पण वाफेवर चालणारी मळणी जिथे सुरू झाली होती तिथेही चित्रकार मान वळवून विळ्याकडे पाहत राहिले. यंत्रासमोर माणूस वाकत नाही, आणि त्यांना वाकलेली पाठ हवी होती.

हिंदुस्थानात हीच दोन प्रकारची दृष्टी निराळ्या कारणांनी आली. शतकाच्या पूर्वार्धात तंजावर, तिरुचिरापल्ली, पाटणा इथले चित्रकार इंग्रज गिऱ्हाइकांसाठी जाती-धंद्यांचे संच रंगवत. त्यांत नवरा-बायकोची जोडी उभी असते आणि हातातले अवजार ओळखपत्राचे काम करते. कागदाबरोबर अभ्रकाच्या पत्र्यांवरही हे संच होत. मुंबईत १८६५ मध्ये जॉन लॉकवुड किपलिंग हे सर जे. जे. कलाशाळेत शिल्पकला शिकवायला आले. क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भागावरची शेतकऱ्यांची उठावशिल्पे त्यांचीच. 'शेतकऱ्याचा असूड' लिहिणाऱ्या जोतीराव फुले यांचे नाव आज त्याच मंडईला आहे. १८७० मध्ये सरकारने किपलिंगना उत्तर हिंदुस्थानात कारागिरांची रेखाटने करायला पाठवले. विणकर, लाकूड कोरणारा, कापूस साफ करणारा यांची ही चित्रे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. कारागीर कसा बसतो, पायाच्या अंगठ्याने काय धरतो, अवजार कोणत्या हातात असते, हे त्यांत सरळ वाचता येते. १८७५ मध्ये ते लाहोरला गेले आणि १८९१ मध्ये 'बीस्ट अँड मॅन इन इंडिया' हे त्यांचे पुस्तक आले. बैल, गाड्या, जनावरांचा साज यांची त्यातली बरीच रेखाटने त्यांची स्वतःची, तर काही हिंदी चित्रकारांची आहेत.

किपलिंग गेल्यानंतर काही वर्षांनी याच जे. जे. कलाशाळेत बेळगावकडचा एक विद्यार्थी चित्रकार व्हायला दाखल झाला. काही रंग आपल्याला नीट ओळखू येत नाहीत हे लक्षात आल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी रंग सोडले आणि यंत्रांच्या आकृती काढण्याचा अभ्यास धरला. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते हाच विषय शिकवत. पुढे बेळगावला परतून त्यांनी भावाबरोबर कारखाना काढला, आणि १९०३ मध्ये त्यांचा लोखंडी नांगर तयार झाला. लोखंडाने जमिनीत विष भिनते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली.